बसून न वाजणारा बँड

कोणाला देवळांची आवड असते, कोणाला नाटकांची, कोणाला पुढाऱ्यांच्या भाषणांची. मला बँडची होती. लग्नात वाजतो त्या बँडची. पितळेचे भोंगे, क्लॅरोनेट, झांजा, एक भला मोठा ढोल आणि एक पोटावर तिरका बांधलेला लहान. मुलीच्या जातीला हे वेड शोभत नाही, असं मला इतक्या जणांनी ऐकवलं की त्यांची यादी करायची तर निम्मं हिंगणघाट इथं उतरवावं लागेल. मी त्यांच्यापैकी एकाचंही मनावर घेतलं नाही.

आमचं घर स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर होतं, वस्तीच्या अगदी तोंडाशी. वडील जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचा हंगाम आटोपला की लग्नं सुरू होत, आणि गावात येणारी प्रत्येक वरात आमच्या दारावरून जाई. बाकीच्या पोरी नवरदेव पाहायला धावत. घोड्यावर बसलेला, मुंडावळ्यांतून नाक तेवढं दिसणारा तो प्राणी पाहण्यात काय मजा होती कोण जाणे! मी भिंतीला कान लावून बसायची. वळणाच्या पलीकडे ढोल वाजला की बँड दिसायच्या आधीच मी सांगायची, कोणत्या गावचा आहे ते. मैत्रिणींनी पैजा लावून पाहिल्या आणि हरल्यावर सोडून दिल्या. चुलीवरची भाकरी करपली की आई आतून ओरडायची, "आज कोनाचं लगन हाये वो?"

त्या काळात आमच्या भागात ऐकण्यासारखे बँड तीन. बाकीचे नुसते आवाज करत.

पहिला वर्ध्याचा, पांढऱ्या टोप्यांचा. सोळा माणसं, चार-चारच्या ओळी, बुटांना पॉलिश. त्यांचा मास्तर पलटणीतून आलेला होता आणि ते त्याच्या मानेवरूनच कळायचं. त्यांची गावात शिरतानाची जी धून होती, तिला तोड नव्हती. दोन ट्रंपेट एकमेकांशी जावा-जावांसारखे भांडायचे. एक टोचून बोलायचा, दुसरा वरच्या पट्टीत उत्तर द्यायचा, आणि मागून सगळा बँड मिळून दोघांना गप्प करायचा. ही एक धून ऐकायला मी ताप अंगात असताना अंगणात आले आहे. पण त्यांच्यात एक खोट होती. काहीही वाजवलं तरी त्याची कवायत व्हायची. सिनेमातलं विरहाचं गाणंसुद्धा ते असं वाजवत, की ती विरहिणी डावा-उजवा, डावा-उजवा करत निघाली आहे असं वाटे.

दुसरा देवळीचा. सात माणसं, बैलगाडीतून यायची. मोठ्या भोंग्याला लोहाराकडून डाग मारून आणलेला, झांजेची एक कड उडालेली. पहिल्यांदा ऐकणारा नाक मुरडायचा. पण देवळीवाल्यांची एक गंमत होती, ती फार थोड्यांना ठाऊक होती. ते उपाशीपोटी बेसूर वाजवत आणि जेवल्यावर सोनं. त्यांची जेवणानंतरची एक चाल होती. लहान ढोलवाला डोळे मिटून नुसता काडीनं कडेवर वाजवायचा, मग एकेक वाद्य हळूच त्यात येऊन बसायचं, जणू ओट्यावर शेजारी गप्पांना जमताहेत. अशी मोकळी, पोटभर चाल मी पुन्हा कुठं ऐकली नाही. पण वाजवणाऱ्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसे. त्यांचं जेवण होईपर्यंत मांडव रिकामा झालेला असे, नवरी गेलेली असे. देवळीवाल्यांचं सोनं ऐकायला माणूसच उरत नसे. मी उरायची. परतताना ते आमच्या वळणावर पाणी प्यायला थांबत आणि गाडी जुंपण्याआधी आपल्याच आनंदात ती चाल वाजवत.

आणि तिसरा आमचा हिंगणघाटचा, लाल कोटांचा.

आता इथं मी पक्षपात करणार, हे आधीच सांगून ठेवते. त्या बँडचे मास्तर माझे सख्खे मामा होते. अकरा जण, सगळे आमच्याच वस्तीतले, सगळे गिरणीत कामाला. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की हातापायाचा कापूस झटकून लाल कोट चढवायचे आणि निघायचे. मामा क्लॅरोनेट वाजवत. अंगाने काडी, बोलायला अबोल. घरात मीठ हवं असलं तरी खुणेनं मागतील असा माणूस. जे काय बोलायचं ते त्या काळ्या नळीतून.

त्यांची बोळवणीची एक धून होती. ती सिनेमातली नव्हती, कोणाकडून शिकलेली नव्हती, त्यांची स्वतःची होती. नवरी निघाली की वाजवायची. सुरुवात खालून व्हायची, अगदी बोलल्यासारखी. दुसऱ्या फेरीत क्लॅरोनेट वर चढायची आणि तिथं एकदम थांबायची. सगळा बँड थांबायचा. चार पावलं नुसती पावलंच ऐकू यायची, धुळीतली. मग पाचव्या पावलावर सगळी वाद्यं एकदम उठायची. त्या चार पावलांत माझ्या अंगावर दरवेळी काटा आला. शंभरदा ऐकूनही आला. वर्ध्याच्या मास्तराला सात जन्मांत ती चार पावलं गप्प राहता आलं नसतं.

माझी एकच इच्छा होती. माझ्या लग्नात मामांनी ती धून वाजवावी. दुसरं काही नाही. नवरा कसाही मिळो, असं मी आईला म्हटलं होतं, तेव्हा आईनं उलथनं उगारलं होतं.

मग छप्पन्नची बौद्ध धम्माची दीक्षा झाली. आमची सगळी वस्ती पांढरे कपडे घालून नागपूरला गेली होती. येताना गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी प्रत्येकाला आपल्याला मोकळी जागा मिळाल्यासारखं वाटत होतं. वडील आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांशी आपणहून बोलत होते. त्या दिवसाचा आनंद मला लिहिता येणार नाही, तेव्हा तो असू दे.

आल्यावर आठवड्याच्या आत वस्तीची सभा बसली. काय काय सोडायचं ते ठरवायला. त्यात डफडं आलं. आमच्या आजोबांना गावकीचं डफडं वाजवावं लागे. दुसऱ्यांच्या लग्नात, दुसऱ्यांच्या मयतीत, दारापासून अंतर राखून. ते बंद, यावर दुमत नव्हतं. मग कोणीतरी विचारलं, आणि बँड? बँड म्हणजे काही डफडं नव्हे, त्याला कोट आहे, मान आहे, असं दोघे-तिघे म्हणाले. तेव्हा मामा उभे राहिले. सभेत बोलायला उभे राहिलेले मामा मी तोवर पाहिले नव्हते.

"मागल्या उन्हाळ्यात एका मांडवापुढं दोन घंटे उभे होतो," ते म्हणाले. "पानी मांगलं, तं वरून वोंजळीत टाकलं. कोट लाल असला म्हनून काय झालं? उभे तं तिथंच हाओ."

एवढं बोलून ते खाली बसले. लाल कोटांचा बँड त्या दिवशी बंद झाला. मी दाराशी बसून ऐकत होते. माझ्या मामांचा मला इतका अभिमान वाटला की छाती भरून आली, आणि घरी येऊन मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. दोन्ही खरं होतं. त्यानंतर दोन हंगाम मी दारावरून जाणारा एकही बँड ऐकला नाही. ढोल वाजला की मुद्दाम भांडी आपटायची. आईच्या भाकरी करपायच्या थांबल्या आणि तीच म्हणू लागली की घर कसं सुनं सुनं लागतं.

त्यानंतरच्या वर्षी मला पाहायला वर्ध्याहून एक शाळामास्तर आले. वस्तीतल्या चार बाया पाठीशी, मी मान खाली घालून पुढ्यात. नाव, शिक्षण, स्वयंपाक असे ठरलेले प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं, "आवड कायची हाये तुमाले?"

आत्यानं मला आधीच पढवून ठेवलं होतं, शिवणकाम म्हण म्हणून. माझ्या तोंडून गेलं, "बँडची."

"मंग तं तुमी वर्ध्याचा आयकला असन," ते खुशीत येऊन म्हणाले. "पांढऱ्या टोप्यांचा. तसा बँड चार जिल्ह्यांत नाई."

इथं गप्प बसायचं असतं हे मला कळत होतं. पण जित्याची खोड! "चांगला हाये," मी म्हटलं, "पन रडाचं गानं बी कवायत करत नेते."

आत्यानं पाठीत बोट खुपसलं.

"आन् तुमचे लाल कोटवाले?" ते म्हणाले. "म्या आयकले हाये. त्याहीचा ढोलवाला पुढं पळते."

"ढोलवाला पुढं नाई पळत जी. तुमचे कान मांगं राह्यतात."

वडिलांनी बशीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. आणि मास्तर हसले. इतके हसले की चहा पायजम्यावर सांडला. आठ दिवसांनी निरोप आला, पोरगी पसंत. आत्या आजन्म सांगत राहिली की हे लग्न तिच्यामुळे जमलं.

आईनं विचारलं, लग्नात तुला काय पाहिजे. मी म्हटलं, मामांची क्लॅरोनेट. आईनं ते माझ्यावरच सोपवलं. मीच मामांकडे गेले. ते अंगणात सायकलची साखळी पुसत होते. माझं ऐकून त्यांनी हात थांबवला.

"माय, दुसरं काई बी मांग," ते म्हणाले. "हे नको मांगू. सभेत म्याच बोललो ना?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते. पण तिसऱ्या दिवशी वस्तीची सभा होती, आणि शेंडी तुटो की पारंबी तुटो म्हणून मी तिथं जाऊन उभी राहिले. सभेत सगळ्यात कडक माणूस म्हणजे गिरणीतले एक मुकादम. साऱ्या खात्यावर ओरडून ओरडून त्यांचा साधा आवाजही वरच्या पट्टीत लागायचा. दीक्षेनंतर वस्तीत काय चालेल आणि काय नाही, यावर त्यांची नजर असे. त्यांच्याकडे न पाहता मी खांबाकडे पाहून बोलले.

"डफडं सोडलं ते बरं केलं. दुसऱ्याच्या दारात उभं राह्यनं सोडलं ते बी बरं केलं. पन माह्या लग्नाचं दार कोनाचं हाये? आपलंच ना? आपल्या दारात आपला मानूस आपल्या पोरीसाठी वाजवून राह्यला, तं त्यात कमीपना काऊन असन?"

बायकांच्या बाजूनं कोणीतरी "बराबर हाये" म्हणालं. ती आई होती. मुकादमांच्या कपाळावर आठ्या चढल्या. ते चिडले की काय, असं मला वाटलं. पण ते विचार करत होते. तो माणूस विचारही तितक्याच कडकपणे करायचा.

"वाजवतीन," ते शेवटी म्हणाले. "पन उभ्यानं नाई. आजवर उभे राह्यले तेवढे पुरे. खुर्चीवर बसून वाजवतीन. साह्यबासारखे. आन् पयल्या पंगतीले बसतीन."

टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. ते जमिनीकडे पाहत होते. मग पुटपुटले, "ओठ राह्यले काय माह्ये?"

हा होकार नव्हता. पण ज्याला ओठांची काळजी पडली, त्यानं मनात वाजवायला सुरुवात केलेली असते. मी घरी उड्या मारत आले, नवरी होणार हे विसरून.

सुटीच्या दिवशी अकरा जण वणा नदीवर जमू लागले. जुने लाल कोट त्यांनी घातले नाहीत. कोट नको, आपलेच धुतलेले कपडे बरे, असं त्यांचं ठरलं. मला ऐकायला बंदी होती. लग्नाआधी नवरीनं ऐकायचं नाही, असा नियम मामांनी त्याच आठवड्यात काढला. पण माझा धाकटा भाऊ पाहून आला आणि म्हणाला, वाळूतून येरझारा घालत वाजवतात, मामांचा ओठ फुटला आहे, आणि वाजवणं दरवेळी जरा जरा सुधारतं आहे. वाळूतून येरझारा घालत, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला खटकायला हवं होतं. साऱ्या जिल्ह्यातल्या बँडवर मतं ठोकणारी मी, मलाही खटकलं नाही.

लग्नाच्या दिवशी मुकादमांनी अकरा खुर्च्या जमवल्या. एकीसारखी दुसरी नव्हती. दोन शाळेतल्या, एक शिंप्याची, एक दवाखान्यातली, एक हात मोडलेली त्यांची स्वतःची, आणि एक चक्क न्हाव्याच्या दुकानातली, डोकं टेकायच्या फळीची, लोखंडाइतकी जड. मांडवात पाहुण्यांच्या समोर त्या अर्धगोलात मांडल्या.

मी पांढरं लुगडं नेसले होते. वंदना झाली, शपथा झाल्या, हार घातले आणि लग्न लागलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. सकाळपासून विधी पाहायची सवय असलेली एक म्हातारी मावशी "झालं? इतल्यात?" असं तीनदा म्हणाली. पहिल्या पंगतीला बँडवाले बसले. मुकादमांनी त्यांना हातानं वाढलं. अकराही जणांना घास गिळवेना, इतकं त्यांचं लक्ष पुढच्याकडे लागलं होतं.

मग ते खुर्च्यांवर बसले. मामा मध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत. मामांनी क्लॅरोनेट ओठाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. बोळवणीची धून खालून सुरू झाली, तोच आवाज, तसाच बोलल्यासारखा. दोन हंगामांनंतर तो ऐकताना मला हसू आणि रडू एकदमच आलं.

आणि मग सगळं बिघडलं.

मोठा ढोल मांडीवर घेतल्यानं ढोलवाल्याला समोरचं दिसेना. त्याची काठी अर्ध्यातच गुडघ्याला अडायची. झांजवाला एक ठोका मागं, भोंगे एक ठोका पुढं. कशीबशी दुसरी फेरी आली, क्लॅरोनेट वर चढली आणि थांबली. सगळे थांबले. आता चार पावलं. पण पावलं कुठं होती? सगळे बसलेले! वीस वर्षं या माणसांनी डाव्या पायावर ताल धरला होता. चालता चालता शिकले, चालता चालता वाजवलं. बसून वाजवायची पाळी त्यांच्यावर कधी कोणी येऊच दिली नव्हती. कितीनंतर वाजवायचं ते कोणालाच कळेना. एक भोंगा आधी बोंबलला, दुसरा नंतर, ढोल भलतीकडेच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर हे नाचणारे पक्के होते. अंगणच आम्ही वाकडं केलं होतं.

वर्ध्याच्या पाहुण्यांतून कोणी खोकलं, कोणी पदरात तोंड लपवलं. नवरा जमिनीकडे पाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मुकादमांचा चेहरा पाहवत नव्हता. त्या भल्या माणसानं आपल्या लोकांना साहेबासारखं बसवलं होतं, आणि त्याचा असा बट्ट्याबोळ झाला होता.

मामांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवली. एका पाहुण्यानं मायेनं पाणी पुढं केलं. ते त्यांनी घेतलं, पण प्यायले नाहीत.

"नाई जमत आता," ते हळूच म्हणाले. "गेलं ते."

आत्ता ती नळी कापडात गुंडाळली गेली, तर पुन्हा कधी बाहेर निघणार नाही, हे मला कळलं. त्यांच्या बोटांकडे पाहूनच कळलं. मी उठले. नवरीनं आपणहून उठायची रीत नव्हती. आत्यानं लुगड्याचा काठ धरला, तो मी सोडवला.

"मामा," मी म्हटलं, "तुमाले बसून वाजवता येत नाई. कोनालेच नाई येत. उठा. चालू आपन."

"थांब पोरी," मुकादम म्हणाले. "सभेत ठरलं हाये. खुर्ची म्हंजे खुर्ची."

"खुर्ची सोडा कोन म्हनते जी? खुर्ची बी संगं घेऊ ना. दमले का बसतीन. मर्जी त्याहीची."

लोक हसले. मुकादम हसले नाहीत. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि "हे बराबर हाये" म्हणत मामांच्या बाजूला आले. मामा गडबडीनं उठले. गिरणीत साऱ्या खात्याला धाकात ठेवणाऱ्या त्या माणसानं न्हाव्याची ती धोंड्यासारखी खुर्ची उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली. मग माणसांची झुंबड उडाली. माझ्या वडिलांनी शाळेतली घेतली. आणि शिंप्याची खुर्ची कोणी उचलली पाहते, तर गळ्यात हार घातलेला माझा नवरा! "माह्या लग्नात म्या काऊन रिकामा चालू?" तो म्हणाला.

अशी ती वरात गावाकडे निघाली. घोडा नाही, गाडी नाही, सगळे पायी. मध्ये बँड आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर खुर्च्या घेतलेली अकरा माणसं. मी बँडच्या अगदी लगत, जिथं नवरीला कोणी उभं राहू देत नाही. पहिल्या वीस पावलांतच ढोल सापडला, झांज त्याच्यावर जाऊन बसली, आणि माणसं हसत हसत वाजवू लागली. ढोलवाला गाव येईपर्यंत दोनदा थांबला आणि खुर्ची मागून घेऊन बसला. तो दमला नव्हता. खरंच मिळते का, ते पाहत होता. दोन्ही वेळा सारी वरात त्याच्यासाठी थांबली.

गावातल्या मोठ्या रस्त्यावर एका माडीपुढं एक गडी आडवा आला. मालक वरून पाहत आहेत, म्हणाला. इथं दारापुढं थांबून एक होऊ द्या, असं सांगितलं आहे.

बँड थांबला. सगळे मामांकडे पाहू लागले. तशा दारांपुढं ते हंगामच्या हंगाम उभे राहिले होते. मामांनी क्लॅरोनेट तोंडातून काढली आणि माडीकडे मान वर करून, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "आज माह्या भाचीचं लगन हाये जी. आयकाचं असन तं या संगं."

एवढं मोठ्यानं बोललेले मामा मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही. मालक आले नाहीत. त्या घरच्या दोन लहान पोरी मात्र जिना उतरून धावत आल्या आणि झांजवाल्यामागं चालू लागल्या. त्यांना हाका मारल्या गेल्या, त्यांनी ऐकल्या नाहीत.

मग मामा वळले. रस्त्याकडे पाठ केली, माझ्याकडे तोंड केलं आणि उलट्या पावलांनी चालत त्यांनी बोळवणीची धून धरली. मी ती भिंतीआडून ऐकली होती, दुसऱ्या पोरींच्या वरातींमागून ऐकली होती. समोरून कधी ऐकली नव्हती. त्यांच्या गळ्याची शीर ताठ होताना दिसत होती. दुसऱ्या फेरीत सूर वर चढला, थांबला, आणि त्या रस्त्यावर आमची सगळ्यांची पावलं वाजली. त्यांत माझीही होती. एक, दोन, तीन, चार. मग सगळी वाद्यं एकदम उठली.

धून संपली तेव्हा मामांना धाप लागली होती. फुटलेल्या ओठावर रक्त आलं होतं. ते त्यांनी बाहीनं पुसलं. मुकादमांनी खुर्ची खाली ठेवली, पण मामा बसले नाहीत.

"झालं ना आता तुह्या मनासारखं?" त्यांनी मला विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "अजून एक डाव."